हवालदाराच्या बायकोचा प्रश्न

आई, तुझ्या धाकटीचा लांबूनच नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, डबाही वेळेवर येतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

छावणीतल्या जवानांचं आणि त्यांच्या घरच्यांचं ऐकून घ्यायचं, हेच माझं काम. सीमेवरून परतलेला एक हवालदार महिनाभर बायकोशीही बोलत नव्हता. आज दोघं माझ्याकडे आले. ती रडायला लागली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला डोळे मिटायची भीती वाटते गं." तिने त्याचा हात घट्ट धरला.

निघताना तिने मलाच विचारलं, "ताई, तुम्ही कोणाशी बोलता?"

मी हसून वेळ मारून नेली. पण खोलीवर येऊन कुलूप काढताना रडू फुटलं.

रविवारी फोनवर मी "सगळं छान आहे" म्हणाले, तरी लगेच ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी