पूजेला ठेवलेला अटेन्युएटर

गुरुवार, २ ऑक्टोबर

पन्नास लाख अंश! पन्नास लाख!! आणि आकडा सांगितला माझ्या यंत्राने.

उद्याचा शॉट, म्हणजे प्लाझ्मा तापवायची चाचणी, ग्रॅहमने अचानक आजवर आणला. बॉस तो, त्याला काय माहीत आज दसरा! व्हॅक्यूम सांभाळणाऱ्या सुखदेवदादांनाही विहारातला कार्यक्रम सोडून यावं लागलं. आल्या आल्या प्लाझ्माच्या टाकीच्या खिडकीचं सील बसवायला लागले, घाईघाईत. प्लाझ्मात थर्मामीटर खुपसता येत नाही, क्षणात वाफ होईल त्याची. आतले इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात गरगरताना मायक्रोवेव्ह सोडतात, त्या मी खिडकीवरच्या रिसीव्हरने मोजते, त्यावरून तापमान कळतं. ग्रॅहम ओरडला, "स्वीट अ‍ॅज, मृदुला!" म्हणजे इथल्या बोलीत झकास! पुढच्या शुक्रवारी पत्रकार बोलावलेत. आईला फोन केला. तिला अंश कळले नाहीत, पन्नास लाख कळले.

रविवार, ५ ऑक्टोबर

मेले मी.

देवघर आवरत होते. श्रिया म्हणाली, "ममा, व्हाय इज देअर अ बोल्ट विथ बाप्पा?" सुकलेल्या कॅमेलियाखाली (इथे दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर म्हणजे वसंत, झेंडू कुठला!) माझ्या रिसीव्हरचा अटेन्युएटर. अंगठ्याएवढा सोनेरी तुकडा, दोन्हीकडे आटे. खंडेनवमीला आई फोनवर म्हणाली होती, "कामाचं एखादं हत्यार ठेव गं पूजेला." अख्खं यंत्र काय घरी आणणार? हा काढून आणला, हळदकुंकू वाहिलं. शुक्रवारच्या आधी परत बसवायचाच होता की! शॉट आधी आला आणि मी साफ विसरले.

हा तुकडा सिग्नल निम्मा करतो, म्हणून कॉम्प्युटर आकडा दुप्पट करून दाखवतो. तुकडा नव्हताच. दुप्पट मात्र झालं. म्हणजे खरे पंचवीस लाख.



सोमवार, ६ ऑक्टोबर

सगळ्यांच्या आधी पोचून तुकडा बसवला. पुसून. कुणी पाहिलं नाही. ग्रॅहमला सांगणार होते, तर त्याच्या हातात पत्रकारांची यादी! "यू ओके?" "येस, येस." कसलं डोंबलाचं येस.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दुसरा शॉट. पंचवीस लाख. प्रयोगशाळेच्या शेडमध्ये सगळे पडद्याशी जमले. मला ठाऊक होतं, तरी मीही तोंड वासून पाहत राहिले, जसं काही मलाही धक्का बसलाय! नाटकी मेली.

ग्रॅहमचं म्हणणं — कुठंतरी गळतंय, हवा आत शिरून प्लाझ्मा थंड पडतोय. खिडकी उघडायची म्हणजे माझा रिसीव्हर आधी सोडवायला हवा. सुखदेवदादा म्हणाले, "मी करतो सगळं. तुम्ही जा ताई, लेकरू वाट पाहत असेल." आणि मी गेले! चक्क गेले.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज सांगायचंच. नाही सांगितलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मीटिंग. ग्रॅहमने विचारलं, कुणाकडून काही राहिलंय का? मी तोंड उघडणार — देवाशप्पथ उघडणार होते! — तेवढ्यात सुखदेवदादा म्हणाले, "त्या दिवशी सील मी घाईत बसवलं होतं. नंतर सैल पडलं असेल." आणि माझ्याकडे पाहिलं. मी वहीत रेघोट्या ओढत बसले. ग्रॅहमने सांगून टाकलं, सोमवारपासून त्यांनी यंत्राला हात लावायचा नाही. शेडमधला सगळ्यात हळुवार हात त्यांचा!

घरी आल्यावर देवव्रतला सगळं सांगितलं. नवरा आहे, म्हटलं धीर देईल. तो एवढंच म्हणाला, "अगं, मग तू काय केलंस?"

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सांगितलं. पत्रकार यायच्या तासभर आधी, तुकडा टेबलावर ठेवून, सगळ्यांसमोर. कार्यक्रम रद्द. सुखदेवदादांची माफी मागायला पार्किंगमध्ये धावत गेले. ते गाडीत बसत होते.

"आट्यांत कुंकू राहिलं होतं, ताई," ते म्हणाले. "मंगळवारी रिसीव्हर सोडवतानाच दिसलं मला. काल स्वतःवर घेतलं ते तुम्ही उठून खरं सांगाल म्हणून."

मी उठले नव्हते.