तिसरं सॉकेट

बाबा, तुम्ही मला फसवलंत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्ही समोर नाही याचाही राग येतोय, कारण भांडायला माणूस लागतो.

मुलुंडच्या आपल्या घरात मधल्या दाराला आईच्या जुन्या साडीचा पडदा होता. पलीकडे स्वयंपाकघरात तुम्ही तो गेमचा कन्सोल घेऊन बसायचात, अलीकडे मी कॉम्प्युटरवर. बारावी झाल्यावर तुम्हीच तो मला दिला होता, घाटकोपरच्या तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात जुना मिळालेला. त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवायचे तर कन्सोल सुरू करणारा, चिपमधला प्रोग्राम लागतो आणि तो कंपनीच्या मालकीचा असतो. मी तो नेटवरून सरळ उतरवून घेतला, तेव्हा तुम्ही भरलं ताट बाजूला सारलंत. "दुसऱ्याचा ता दुसऱ्याचा. आदी पुसान टाक." मी उघडूनही न बघता पुसला.

मग वाट तुम्हीच काढलीत. तसाच वागणारा, पण आपला प्रोग्राम लिहायचा. तुम्ही कन्सोल बाहेरून तपासायचा, काय केलं की तो काय करतो ते वहीत टिपायचं; मी फक्त वही वाचून लिहायचं. आतला मूळ प्रोग्राम दोघांपैकी कोणीही वाचायचा नाही, आणि ज्याने वाचला त्याने पुन्हा या कामाला हात लावायचा नाही. पडदा हा तुमचाच हट्ट. आई फोडणी द्यायला आली की तुम्ही कन्सोल मांडीवर घेऊन कोपऱ्यात सरकायचात, पण बाहेर येत नव्हतात. किती अभिमान वाटायचा मला! चार महिन्यांत वही भरली. मला वाटलं, काय डोकं आहे माणसाचं.

मी तो प्रोग्राम सगळ्यांसाठी फुकट ठेवला. वर लिहिलं, मूळ प्रोग्राम आम्ही पाहिलेला नाही. इतकी वर्षं मी तो सांभाळला, सुधारला. आता जुने गेम जपणारी एक संस्था तो घेणार होती. त्यांच्या इंजिनिअर बाईंनी आमचा आणि मूळचा शेजारी ठेवून तपासला आणि मला फोन केला. "मॅडम, तिसऱ्या सॉकेटला काही जोडलं तर काय करायचं, ते तुमच्यात आहे. मूळ प्रोग्राममध्येही आहे, चुकून राहिलेलं. पण कन्सोलला सॉकेटं दोनच आहेत ना? बाहेरून हे कसं कळलं तुम्हाला?"

मी माळ्यावरून तुमची पेटी काढली. वहीखाली छापील कागद होते, चिपमधून उतरवलेला अख्खा प्रोग्राम. प्रत्येक ओळीपुढे तुमच्या पेन्सिलची खूण. तपासलं काहीच नव्हतंत तुम्ही. ओळीमागून ओळ वहीत उतरवून दिलीत आणि मला चोर केलंत. खरं सांगितलं असतंत तर मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला असता, कितीही वर्षं लागली असती तरी. आता तेही नाही. ते कागद मी शेवटपर्यंत वाचले, म्हणजे आपल्याच नियमाने माझा हात बाद झाला. ज्या एका कामाचा मला गर्व होता, ते आता माझ्याच्याने पुन्हा होणार नाही.

प्रोग्राम मी मागे घेतला. संस्थेला तसं कळवलं आणि शेवटी लिहिलं, "वडिलांनी काय केलं याची मला अजिबात कल्पना नव्हती."

हे पत्र त्याच पेटीत टाकणार आहे. तुम्हाला पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्हाला ती दुपार आठवली असती. वहीतलं ते पान वाचून मी पडद्याअलीकडून विचारलं होतं, "बाबा, तिसरं सॉकेट आहे कुठे?"  तुम्ही म्हणालात, "दिलंय तसा लिव गो."

कन्सोल माझा होता. त्याला दोनच सॉकेटं आहेत, हे मला पाठ होतं. मी लिहिलं.