डबा रिकामा परत जात नाही

कोथरूड, पुणे

आदरणीय दुर्गाताईंना सुदर्शनचा वाकून नमस्कार.

आपला गुडघा आपल्याला जिना चढू देत असावा आणि अंबाजोगाईत नळाला पाणी येत असावं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं ठरेल. आपली धाकटी बहीण, म्हणजे आमची मुक्ताई, इस्पितळात आहे. (घाबरू नका. आता धोका टळला आहे. घाबरायचं काम मी एकट्यानं पुरेसं केलेलं आहे.)

आमच्या लग्नानंतर आपण तिला दिलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आपल्या लक्षात असेलच. आपल्या माहेरच्या रीतीप्रमाणे तिनं त्यात उरलेली औषधं साठवली. ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात. चांगल्या गोळ्या टाकायच्या कशा? इथवर घरातल्या घरात होतं. पण सोसायटीत कुणाचा घसा बसला की डबा त्या घरी जाऊ लागला, आणि शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे तर आपल्याकडे पोराटोरांनाही कळतं. त्यामुळे डब्यात कुणाची अर्धी पट्टी, कुणाच्या दाढेच्या कॅप्सूल अशी भर पडत गेली. डबा जाताना हलका आणि येताना जड. वर मुक्ताईचा सल्ला फुकट: सर्दीला लाल-पिवळी, जुलाबाला पांढरी लांबट. आमच्या तळमजल्यावरचे डॉक्टर गाळा सोडून का गेले, ते मला आत्ता कळलं.

या महिन्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली. (मेहुणीला असं लिहावं का, यावर मी बराच विचार केला. पण इस्पितळात याच विषयावर इतकी अनोळखी माणसं माझ्याशी मोठ्यानं बोलली, की आता लाज उरलेली नाही.) तिनं मला न सांगता आमच्या रोहनच्या घशाची अझिथ्रोमायसिन घेतली. मग माझ्या दाढेची अमॉक्सिसिलिन. मग कुणाची तरी सिप्रो. जरा बरं वाटलं की बंद, पुन्हा जळजळ की पुढची. शेवटी एका दुपारी कंबर धरून बसली आणि ऐन उकाड्यात रजई पांघरून कुडकुडायला लागली. रिक्षात घातलं तेव्हा ती रोहनला "दादा" म्हणत होती. पोटच्या पोराला! 

तिथल्या डॉक्टर मंतशा आपल्या लेकीच्या, प्रियदर्शनीच्या वयाच्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. काय काय घेतलं विचारल्यावर मी डबाच पुढे केला. त्यांनी तो उघडून एकेक पट्टी टेबलावर मांडली. मग म्हणाल्या, "काका, हे घर आहे की मेडिकल स्टोअर?"

मला वाटायचं अँटिबायोटिक साबणासारखं, कुठलंही घ्या, मळ निघतो. तसं नाही हो! प्रत्येकाचं घराणं वेगळं. पेनिसिलिनचं घराणं (अमॉक्सिसिलिन त्यातलीच) जिवाणूला स्वतःभोवतीची भिंत नीट बांधू देत नाही, मग तो फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंत नसते, म्हणून आपण वाचतो. अझिथ्रोमायसिन एका घराण्याची, डॉक्सिसायक्लिन (तीही डब्यात होतीच) दुसऱ्याची, पण दोघी जिवाणूचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. पहिली घशा-छातीच्या काही आजारांना, दुसरी गोचीड-पिसवांमुळे येणाऱ्या काही तापांना. लघवीच्या नेहमीच्या जंतूंपुढे अझिथ्रोमायसिनचं सहसा काही चालत नाही. सिप्रोचं घराणं जिवाणूला स्वतःच्या जनुकांची नक्कल करू देत नाही, म्हणजे त्याची वीणच खुंटते. आणि सर्दी, फ्लू, डेंगी? तिथं यांतलं एकही कामाचं नाही, कारण ते विषाणू. त्यांना ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. म्हणजे इतकी वर्षं सोसायटीची सर्दी आपोआप बरी होत होती आणि श्रेय आमचा डबा घेत होता!

खरा धक्का पुढेच बसला. मुक्ताईच्या शरीरातला जंतू तबकडीवर वाढवतात आणि तिच्यात औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत. इथं बहुतेक चकत्यांना खेटून ते मजेत वाढले होते. औषधाची सवय शरीराला होते असं मी समजत होतो. शरीराला नाही, जंतूलाच होते म्हणे. अर्धवट मारलेल्यांतले जे चिवट, ते उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शेवटी मेरोपेनेम नावाचं इंजेक्शन शिरेतून सुरू झालं. तेही चाललं नसतं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चाललंय ना काका? मग त्यातच खूश राहू या." मी बाहेर बाकावर जाऊन रडलो. आपल्याला सांगायला कसली लाज!

मोठ्यांच्या आशीर्वादाची गरज असलेला,
सुदर्शन

ता. क. ताप आज पूर्ण उतरला. मुक्ताईनं चहा मागितला आणि आला तो बेचव आहे असंही सांगितलं.

ता. क. २. आपण बहिणीची काळजी घ्यायला येणार असल्याचं कळलं. फार आधार वाटला. एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते एकाच विनंतीसाठी: कृपा करून रिकाम्या हातानं या. आपल्याला ते जड जाईल, जाणतो. लाडू आणा, लोणचं आणा, पण आपला स्वतःचा औषधांचा डबा अंबाजोगाईतच राहू द्या.

ता. क. ३. पत्र बंद करता करता पुन्हा उघडलं. मुक्ताईनं आत्ताच डॉक्टर मंतशांना सांगितलं की आता अगदी बरं वाटतंय, तेव्हा उरलेली इंजेक्शनं बांधून द्या, ताई येते आहे, तिच्या गुडघ्याला होतील. मी मध्ये पडून "नाही" म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर येतात, तेवढ्यापुरता हात पुढे करते, पण रोखून बघते माझ्याकडे.