चौथा ठिपका

सोमवार, १४ फेब्रुवारी १९३८, सकाळी १०.२०
सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून माझी जुनी वर्गमैत्रीण सिस्टर ॲग्नेस हिचं पत्र. मी हिब्रू स्तोत्रं देवनागरीत उतरवून पाठवते, ती कॉन्व्हेंटच्या पुस्तकात छापायची की नाही हे सिस्टर ठरवणार. उत्तर काय, तर "स्वर अजून कच्चे. शाळेतही तुझं हेच होतं." मी रिटायर्ड हेडमिस्ट्रेस! हिंगोलीच्या अर्ध्या बायकांना मी अक्षरं शिकवली. दाखवतेच हिला.

मंगळवार
निश्चय: रोज पहाटे पाचला उठून एक स्तोत्र. आज आठ वाजले. थंडी होती.
हिब्रूत स्वर म्हणजे बहुतेक अक्षराखालचे ठिपके. आडवे दोन असले तर दीर्घ ए, तीन असले तर ऱ्हस्व. यात कच्चं राहण्यासारखं काय आहे? चष्मा आहे, पण मला लागत नाही. चष्मा आळशांना लागतो.

बुधवार
कपाटाला वाळवी, आणि हिब्रू स्तोत्रांचं पुस्तक त्यातच. शेजारच्या नर्मदाबाई म्हणाल्या, "ज्वारीच्या कोठीत खुपसा पुस्तक. आमच्या जमिनीचे कागद तिथंच हायेत, काई होत न्हाई." खुपसलं.

शनिवार
शोध! एका अक्षराखाली चार ठिपके. चौथा जरा लांबट. कुठल्याच व्याकरणात नाही. म्हणजे व्याकरणवाले झोपले होते. नवी मात्रा नेमली. उच्चार मोठ्याने करून पाहिला. भिंतीपलीकडून नर्मदाबाई: "बाई, दाढ दुखून राहिली का?"

सोमवार, २१ फेब्रुवारी, सकाळी
सिस्टरला रजिस्टर पत्र टाकलं. "कच्चं कोण, ते आता जगाला कळेल."

त्याच दिवशी, दुपारी
नर्मदाबाईंना शोध दाखवायला पुस्तक उन्हात उघडलं.
"अवं बाई, तुमचा ठिपका चालून राहिला!"
मी सांगितलं, हिब्रू उजवीकडून डावीकडेच जाते.
"ह्यो सोंडा हाय, ज्वारीतला किडा!" म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून खालीच बसल्या.
चष्मा लावला. ठिपके तीन.

संध्याकाळी
पत्र परत घ्यायला पोस्टात जाऊन आले. पोस्टमास्तर राधाकृष्ण म्हणाले, "बाईंचं पत्र म्हणून सगळ्यात आधी थैलीत घातलं. गाडी गेलीसुद्धा." एरवी टपाल तीन-तीन दिवस पडून असतं! असली उद्धट तत्परता मी शाळेत कधी खपवून घेतली नसती. तिथेच उभ्याने तक्रार लिहिली: सिस्टर ॲग्नेस टपाल बुधवारी अकराला उघडतात. पत्र त्याआधी वाटेत कुठे अडवलं, याचं लेखी उत्तर मला बुधवारी सकाळी दहाच्या आत मिळालंच पाहिजे.