चादरीमागचा पिच्चर

१८ जानेवारी १९७४, शुक्रवार

दगा. दुसरा शब्द नाही.

नव्या पिच्चरचा पहिला दिवस, सहाचा खेळ. बाल्कनीत पंख्याखालची कोपऱ्यातली खुर्ची माझी. लग्नाआधीपासून माझी. डोअरकीपर कल्लप्पा दर शुक्रवारी तिच्यावर रुमाल टाकून ठेवतो. आज रुमाल नाही. कुणी तरी जाडजूड गृहस्थ बसलेला. कल्लप्पाला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतो, चनबसप्पाअण्णा, राग मानू नका, पब्लिकची कंप्लेंट हाय, इंटरव्हलनंतर तुमी लई घोरताय.

मी घोरतो म्हणे. मी डोळे मिटून पार्श्वसंगीत ऐकतो. जाणकार लोक असंच ऐकतात.

खाली खांबाआड बसून पाहिला. घरी येऊन शरणम्माला नेहमीसारखी स्टोरी सांगितली. ती वाढता वाढता ऐकते. स्वतः पिच्चरला जात नाही, थेटरात तिचं डोकं दुखतं. म्हणजे तिच्यापुरता सिनेमा म्हणजे मीच. शुक्रवारचं हे जेवण मला आठवड्यातल्या सगळ्या जेवणांपेक्षा गोड लागतं. आज खांबामुळे मजा गेली.

२० जानेवारी, रविवार

संकल्प. थेटरची पायरी चढणार नाही. आहे काय तिथं? ढेकूण, पुढच्याचा फेटा, मागच्याचे पाय, विड्यांचा धूर. शिवाय दगाबाज नोकरवर्ग.

पिच्चरच घरी आणायचा. मोडनिंबचा कोंडीबा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तंबू ठोकून पिच्चर दाखवतो. आज जाऊन बोललो. जत्रा उठली की एक दिवस मशीन घेऊन आमच्या बोळात येईल. त्याच्याकडे तो कोर्टाचा पिच्चर आहे. मागे आमच्या टॉकीजला लागला होता. मी सांगितला तेव्हा शरणम्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता बिचारी स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. नवऱ्यानं किती बारकाईनं सांगितला होता तेही कळेल.

म्हणाली, कशाला उगं तरास. संकोची स्वभाव.

२३ जानेवारी, बुधवार

डबा विसरलो म्हणून दुपारी दुकानातून घरी आलो. कुलूप. शेजारी फुलाबाईंच्या दारालाही कुलूप. केळी खाऊन परत गेलो.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, सिद्धेश्वराला गेलतो. दर बुधवारी जाते. लोक सोमवारी जातात, ही गर्दी टाळून बुधवारी. एवढा विचार सगळ्यांना सुचत नाही. डोळे लाल दिसले. भक्ती म्हणायची ती अशी.

२५ जानेवारी, शुक्रवार

संकल्प पाळला. टॉकीजवरून गेलो, पण तो रस्ताच आहे. पोस्टर पाहिलं, पोस्टर बाहेर असतं. कल्लप्पानं नमस्कार केला. मी घेतला नाही.

जेवताना सांगायला स्टोरी नव्हती. शरणम्मानं दोनदा विचारलं, आज पिच्चर बघितला न्हाय काय. तिला म्हणालो, थोडं थांब.

२९ जानेवारी, मंगळवार

कोंडीबाचा पडदा बघून आलो. पिवळा पडलेला, मधे ठिगळ, कोपऱ्यात पानाची पिचकारी. उभं आयुष्य चादरीच्या दुकानात घातलेल्या माणसानं असल्या फडक्यावर पिच्चर बघायचा?

दुकानातून पांढऱ्यावर पांढरे मोर असलेली डबल चादर आणली. मालकांना सांगितलं, गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचाय. पांढऱ्यावर पांढरा मोर कुणाला दिसणार आहे?

कोंडीबा म्हणाला, अण्णा, जाड हाय की. मी म्हणालो, जाड आहे म्हणूनच ती सोलापूरची.

३ फेब्रुवारी, रविवार, दुपार

तयारी पूर्ण. बोळाच्या मधोमध चादर ताणली. सुरकुती नाही. बैठक तंबूतल्या रिवाजाप्रमाणे. पुरुष पडद्यापुढे, बायका पडद्यामागे. मागून पिच्चर उलटा दिसतो, हिरो डावखुरा होतो, पण बायकांची त्याला हरकत नसते. शरणम्मासाठी मागे बरोब्बर मधे गादी घातली आहे. कल्लप्पालाही निरोप धाडला. बघू दे, व्यवस्था कशाला म्हणतात.

४ फेब्रुवारी, सोमवार

लिहायची इच्छा नाही.

मशीन सुरू झालं आणि हिरॉईनच्या कपाळावर मोर उठला. मग तिच्या बापाच्या टकलावर. बोळ हसला. मी सांगितलं, थोड्या वेळानं सवय होते.

मग मागून बायकांचा ओरडा, काय बी दिसंना हो. बरोबर आहे. सोलापूरची चादर, तिच्यातून उजेड जाईलच कसा. वाटलं, आता उठून जातील. उठल्या नाहीत. थोड्या वेळानं मागून मुसमुसणं ऐकू यायला लागलं. पडद्यापुढे आमच्याकडे तर वकील नुसता पाणी पीत होता. खून त्यानंतर झाला. मग मागे हशा, आणि हशा संपल्यावर आमच्या बाजूला नोकर पायरीवरून घसरला.

रीळ बदलायला मशीन थांबलं. समोरच्या घरातल्या महिपतीनं विचारलं, अण्णा, फुडं काय हुतंय. मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं, आता जज्जच हिरोचा बाप निघतो, त्याला पोटाशी धरतो आणि सोडून देतो. तेवढ्यात चादरीमागून शरणम्माचा आवाज आला. भाकरी थापताना बोलते तसा, निवांत. आता बगा, खून जज्जानंच केलाय. मुनीम चाकू घिऊन कोर्टात येतोय, आन जज्ज खुर्चीतच कोसळतोय.

मशीन सुरू झालं. मुनीम आला. चाकू आणला. जज्ज कोसळला, मोरासकट.

काही दिसत नसताना ती बायकांना अख्खा पिच्चर सांगत होती. कल्लप्पा माझ्याकडे बघत नव्हता.

५ फेब्रुवारी, मंगळवार

कोंडीबाची रिळं उलटसुलट लागली होती असं सकाळी महिपतीला सांगत होतो. फुलाबाई मधेच म्हणाल्या, रिळं बराबर हुती अण्णा, आमी बघितलाय की. बुधवारी दुपारी टॉकीजला बायकांचा खेळ असतोय. शरणम्माक्का तर लग्न झाल्यापासनं येत्यात. कल्लप्पा त्यास्नी खुर्ची धरून ठिवतोय, रुमाल टाकून.

कुठली खुर्ची, विचारलं. पंख्याखालची, म्हणाल्या. कोपऱ्यातली.

दुकानात एकाला चादरीऐवजी टॉवेल बांधून दिले.

संध्याकाळी शरणम्माला विचारलं. सिद्धेश्वराला बी जातो की, म्हणाली, पिच्चर सुटल्यावर. मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुमाला सांगायची लई हौस. मी बी बघतो म्हणलं असतं, तर तुमी कुणाला सांगितलं असतं? आन तुमचा पिच्चर इंटरव्हलपतूर सारका असतोय, फुडं येगळाच. शुक्रवारी तुमचा ऐकायचा, बुधवारी खरा बघायचा. एका पिच्चरात दोन पिच्चर.

म्हणजे बायको, शेजारीण, डोअरकीपर, सगळे एका बाजूला आणि मी एकटा चादरीच्या दुसऱ्या. इतकी वर्षं जीव ओतून सांगत होतो, आणि हिची करमणूक चालली होती. फार लागलं मनाला.

मग ते डोळ्यांतलं पाणी? तेही नाटक? म्हणाली, न्हाय, ते खरं. तुमचा जज्ज लई चांगला हुता.

जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

संकल्प मोडलेला नाही. फक्त एक तपास करायचा होता, मी घोरतो की नाही. त्यासाठी साक्षीदार म्हणून शरणम्माला बरोबर नेलं. डोकं दुखतं का विचारलं, न्हाय म्हणाली. कल्लप्पानं दोन रुमाल टाकले होते. पंख्याखाली ती बसली.

इंटरव्हलपर्यंत डोळे सताड उघडे. नंतर संगीत चांगलं होतं.

घरी आल्यावर साक्ष विचारली नाही. जेवायला बसलो तर पुढची स्टोरी ती सांगायला लागली, वाढता वाढता. मी ऐकत होतो. जाग आली तेव्हा ताट उचललेलं होतं आणि अंगावर मोरांची चादर. मालकांना परत द्यायची आहे. शरणम्मा म्हणते, शेवट यायच्या आधीच तुमी घोरायला लागलासा.

खोटं आहे. मी डोळे मिटून ऐकत होतो. शेवट काय झाला ते उद्या तिला विचारायचं. सहज म्हणून.