दातिवऱ्याच्या कोंबड्यांतला जीवाणू

मॅडम,

मला जीवाणूची नवी प्रजाती सापडली आहे. आता हा शब्द लिहायला हरकत नाही. पालघरच्या कॉलेजात, शेवटच्या वर्षाला, पिवळे ठिपके उगवलेली काचेची बशी तुमच्यापुढे धरून मी हाच शब्द उच्चारला होता. तुम्ही बशी उलटी करून पाहिलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हे तुझ्या हातावरचं आहे. नवीन हा शब्द शेवटी बोलायचा. आधी स्वतःची चूक शोधायची." वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी बोईसरला एका खाजगी प्रयोगशाळेत लागले. गुराढोरांचे, कोंबड्यांचे नमुने तपासायचं काम. दातिवऱ्याला माझी आत्या खारे मासे करून विकते. तिच्या कोंबड्यांची विष्ठा मी सहज तपासायला आणली. ताज्या विष्ठेत, काही न मिसळता, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे जीवाणू पोहत होते, बशीत मात्र काहीच उगवेना. मेलेले असतील, टाकून द्या, असं सहकारी म्हणाला. मेलेले पोहत नाहीत. मी पुन्हा गावी गेले. आत्याच्या अंगणात उभी आहे, चटयांवर मासे वाळतायत आणि कोंबड्या मिठाने पांढरे झालेले तुकडे टिपतायत. तेव्हा कळलं. नमुना आम्ही सवयीने साध्या शुद्ध पाण्यात पातळ करत होतो. मिठात मुरलेला तो जीव त्या पाण्यात फुगून फुटत होता. आम्हीच त्याला मारत होतो.

पाण्यात मीठ घातलं, बशीतल्या खाद्यातही घातलं. काही दिवसांनी पांढरे ठिपके दिसले. मी तो शब्द बोलले नाही. कदाचित मिठातूनच आला असेल, म्हणून नुसतं मीठ घातलेल्या बश्या ठेवल्या. त्या कोऱ्या राहिल्या. शेजारणीच्या कोंबड्या तपासल्या, त्यांच्यातही तोच. जनुकं ज्ञात जीवाणूंशी ताडून पाहिली. नातेवाईक म्हणावा इतकी जुळली, तोच म्हणावा इतकी नाही. मग एका शोधपत्रिकेला लेख पाठवला. परीक्षकाने नेमकं विचारलं, हा मिठातूनच आला नसेल कशावरून? मी कोऱ्या बश्यांचे फोटो पाठवले. लेख छापून आला. आज तो जीवाणू दोन देशांच्या संग्रहांत जिवंत ठेवला आहे. त्याच्या लॅटिन नावाचा दुसरा शब्द दातिवऱ्यावरून केला आहे.

आत्याला हे सांगितलं तर ती चिडली. "गावाचं नाव किड्याला? उद्या आमची अंडी कोन घेल? आनि माज्या कोंबड्यांना झालंय तरी काय?"

काही झालेलं नाही, तो नुसता तिथे राहतो, असं मी म्हटलं.

"मग येवढी वर्सं केलंस काय तू?"

आता बाजारात तीच सगळ्यांना सांगते, आणि दर वेळी तो जीवाणू थोडा मोठा होतो.

नाव ठरवण्याचा हक्क माझा होता. तुमचं नाव द्यावं असं दोघांनी सुचवलं, पद्धतही आहे तशी. मी गावाचं दिलं. तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं, असं इथे लिहिणार होते. नसतं विचारलं.