शोकाकुलमधला ल

अण्णा,

हे ज्या यंत्रावर लिहितोय ते तुमच्या तंबाखूच्या डबीत मावलं असतं. थोडं रेटावं लागलं असतं, पण मावलं असतं. एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळे ठोकळे, कडेला वायरी खुपसायची भोकं. याला संपूर्ण संगणक म्हणतात. चालू-बंद करायला बटण नाही. वायर लावली की चालू, आणि न सांगता उपटली तर सगळं विसरून बसण्याची भीती, कारण याची अख्खी अक्कल नखाएवढ्या एका कार्डावर असते. आत मोबाईलमध्ये असते त्या जातीची चिप आहे, म्हणून नेहमीच्या संगणकावरचे निम्मे प्रोग्राम हा घेतच नाही. जे घेतो ते अशा गतीने चालवतो की मी वाक्य टाइप करून चहाचा घोट घेतो आणि मग ते पडद्यावर उमटतं. मधूनच कोपऱ्यात एक पिवळी वीज चमकते. म्हणजे चार्जर कमी पडतोय, असं हा मला सांगतो. तीस वर्षं मी बातमीच्या मुदतीवर पोट भरलं. माझ्या हाताखाली कुणी या गतीने काम केलं असतं तर मी त्याला राशिभविष्याचं पान दिलं असतं.

हे खूळ शेजाऱ्याचं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, हुशार, आणि दिवसभर रिकामा. माझा जुना लॅपटॉप मेला हे कळल्यावर तो ही डबी घेऊनच आला. "साहेब, यावर लिनक्स टाकू, संगणक चालवायची फुकटची प्रणाली. बाकी सगळं म्हणजे भाड्याचं घर हो, हे आपलं स्वतःचं." त्याच्याकडे अशा चार डब्या आहेत. एक गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजते. टाकी भरली का हे बघायला तो अजूनही गच्चीवरच जातो. या पंथातली माणसं मी नंतर बरीच पाहिली, इंटरनेटवरच्या त्यांच्या चावडीवर. यंत्र चालू झालं याचा त्यांना जो आनंद होतो तो पाहिला की वाटतं, यंत्राने काही काम करावं ही अपेक्षा यांना अडाणीपणाची वाटत असावी.

मी तरीही हो म्हटलं ते आईसाठी. आईच्या नजरेच्या मधोमध आता डाग आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. अक्षर मुठीएवढं केलं तर ती अजून वाचू शकते, आणि डॉक्टर म्हणाले की तेही फार तर काही महिने. शेजारी म्हणाला, डबी टीव्हीच्या मागे चिकटवून टाका, अख्खा टीव्ही म्हणजे तुमचा कागद. तसं केलं. माझ्या सदराचा मजकूर टाइप केला, एका ओळीत तीनच शब्द बसतील इतका मोठा केला आणि आईला खुर्चीत बसवलं. तिने मान थोडी तिरकी केली, हल्ली ती तशीच बघते. मजकूर वाचला नाही. म्हणाली, "हा ल आपला नाही रे. श पण नाही."

मी बघितलं. खरंच नव्हता. आपला ल म्हणजे देठाला लागलेल्या दोन पाकळ्या. हा दांडीचा होता, हिंदीचा. आयुष्यभर तुमच्या छापखान्यातले फर्मे, छापलेले मोठे कागद, घरी आणून घड्या घातल्या तिने. डोळ्यात डाग पडला तरी ल ओळखायला तिला डोळ्यांची गरज नाही. "तुझ्या अण्णांनी हा उंबऱ्याच्या आत घेतला नसता," एवढं बोलून तिने तोंड फिरवलं.

आणि मला रविवार कारंज्यामागचा तो छापखाना दिसतो. तुम्ही उभे आहात, अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याची खाकी अर्धी चड्डी आणि बनियन, समोर शिशाच्या खिळ्यांची, एकेका अक्षराची, तिरपी पेटी, हात न बघता योग्य खणात जातोय. नवीन खिळे आले होते आणि त्यात दांडीचे ल निघाले. मालक म्हणत होता, छापून टाका, कोण बघतंय. तुम्ही ते सगळे ल एकेक करून वेचलेत, पुडीत बांधलेत आणि परत पाठवलेत, आणि पाच दिवस जुन्या, झिजलेल्या ल वर काम केलंत. तुमचा दुसरा नियम आम्हाला घरातही लागू होता. चुकीचं प्रूफ दुरुस्त झाल्याशिवाय फाडायचं नाही. दुरुस्त प्रत हातात आली की मगच जुनी फाडायची, तोवर ती भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो, कॉम्प्युटर आले, आणि माझ्या नावाने छापलेली पहिली बातमी मी तुमच्या ताटाशेजारी ठेवली. तुम्ही नाव वाचलं नाहीत, बातमी वाचली नाहीत. ल वर बोट ठेवलंत. मी म्हणालो, "वाचता येतंय ना?" तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "वाचता तर भिंतीवरचं 'येथे लघवी करू नये' पण येतं." त्यानंतर तुम्ही माझं काही वाचलं असेल तर मला माहीत नाही. तुमच्या त्या तुच्छतेचा मला तेव्हा फार राग होता. तीच तुच्छता पुढे माझ्याही तोंडात बसली. वाक्याला मुदत असते, अक्षराला नसते, असं मी नव्या उपसंपादकांना ऐकवायचो. शहाणपण म्हणून ऐकवायचो.

सहा दिवस मी त्या डबीशी झगडलो. शेजाऱ्याचा इलाज ठरलेला. लिनक्सचा हा अवतार नको, दुसरा टाकू. कार्ड तीनदा पुसलं, तीन अवतार झाले. पहिल्यात आवाज नव्हता, दुसऱ्यात आवाज होता तर वायफाय नव्हतं, तिसऱ्यात दोन्ही होतं आणि ल तिन्हींत दांडीचा. मी फाँट बदलत राहिलो. शेवटी त्यांच्या चावडीवर चित्रासकट प्रश्न टाकला. तासाभरात कुणीतरी सभ्यपणे उत्तर दिलं. मजकूर वाचता येतोय का? येत असेल तर हा दोष धरता येणार नाही.

ते उत्तर मी दोनदा वाचलं. शिवी तोंडात आली होती, पण कुणाला द्यायची ते ठरेना.

दोष कुठे होता तो सातव्या दिवशी सकाळी सापडला, तुम्हाला हसू येईल. लिहिण्याच्या प्रोग्रामात भाषांचं एक पान असतं. त्यात आपल्या लिपीसाठी वेगळा रकाना आहे, आणि त्या रकान्याचं नाव आहे 'गुंतागुंतीची मांडणी'. आपण गुंतागुंतीचे. त्या रकान्यात आधीपासून लिहून ठेवलं होतं, हिंदी. फाँटमध्ये दोन्ही ल होते, अण्णा, दोन्ही श होते. पाकळीचा ल पहिल्या दिवसापासून आत बसून होता. मजकूर मराठी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता समजून घ्यावं इतकी या डब्यांची आणि त्या बनवणाऱ्यांची पोच नाही. मी हिंदीच्या जागी मराठी केलं. टीव्हीवरच्या सगळ्या ल ना एकदम पाकळ्या आल्या. शेजारी म्हणाला, "बघा साहेब, सगळं असतं यात." मी त्याला चहा दिला.

आईने संपूर्ण सदर वाचलं. अर्धा तास लागला. सदराबद्दल बोलली नाही, त्यात तुमच्यावर गेली आहे. म्हणाली, "आता ते कार्ड कर."

कपाटातून तिने तुमच्या चष्म्याचं घर काढलं. त्यात घडी घालून ठेवलेलं तुमच्या दशक्रियेचं कार्ड. असलं कार्ड कुणी घरात ठेवत नाही, वाचलं की फाडतात. तिने बावीस वर्षं ठेवलं होतं. खाली शेवटच्या ओळीत, आमच्या नावांच्या वर, 'शोकाकुल'. श हिंदीचा, ल दांडीचा. जुळाऱ्याच्या मरणाचं कार्ड. "दुरुस्त झालं नव्हतं ना," ती म्हणाली, "म्हणून फाडलं नाही. मला दिसतंय तोवर करून दे."

मी तोच मजकूर पुन्हा बसवला, आईला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात. डबीने प्रिंटरला ओळखायला दुपार घालवली, पण छापलं. आईने कागद डोळ्याच्या कडेला धरून शेवटची ओळ बघितली, बोट फिरवलं, आणि जुनं कार्ड चार तुकडे करून फाडलं. मग माझी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "तेव्हा तुझं तरी कुठे लक्ष असणार. बाप गेलेला."

मी चारी तुकडे उचलले.

लक्ष होतं, अण्णा. छापणाऱ्याने प्रूफ माझ्यासमोर धरलं तेव्हा त्यानेच विचारलं होतं, "ल हिंदीचा आलाय, बदलून देऊ? दहा मिनिटं लागतील." तुम्हाला जाऊन दुसरा दिवस होता आणि मला पाच वाजता पान छपाईला सोडायचं होतं. सुट्टी कुणीही दिली असती, मी मागितली नव्हती. मी म्हणालो, "वाचता येतंय ना? द्या छापायला." आणि ऑफिसला गेलो. पान वेळेत सोडलं.

आईला हे सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र छापून घेतलंय आणि तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवतोय. जागा रिकामीच झाली आहे. दुरुस्त होईपर्यंत फाडत नाही.